पिटुनिया: पिवळेपणाचं कोडं सुटलं (बहुतेक)

पिटुनियाच्या बारा हँगिंग कुंड्यांपैकी नऊ हिरव्यावर आल्यात! मागच्या वेळी लिहिलं तेव्हा मी सगळं उपटून शेवंती लावायच्या मूडमध्ये होतो.

बी दसऱ्यालाच टाकलेलं, यंदा पेलेटेड (लेप देऊन मोठं केलेलं) घेतलं, महाग आहे पण साधं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजार दाण्यांच्या आसपास, एक शिंक आली की सीझन संपला. रोपं झकास आली, पिंच केली (शेंडे खुडले), आणि डिसेंबरात शेंडे पिवळे पडायला लागले ते थांबेचनात. मला वाटलं नत्र कमी, म्हणून पेंडीचं पाणी, मग १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत), नर्सरीवाला पण म्हणाला खत वाढवा. वाढवलं. अजून पिवळं.

मग एका सकाळी चहा घेऊन नुसता बघत बसलो तेव्हा ट्यूब पेटली. खालची जुनी पानं हिरवीगार, पिवळी फक्त कोवळी, आणि त्यांच्यातही शिरा हिरव्या, जाळी काढल्यासारख्या. नत्र कमी असतं तर उलट झालं असतं, झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. लोह तसं हलत नाही, म्हणजे लोह कमी.

लगेच हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं साधं खत) आणला. बादलीत टाकला तर तासाभरात तळाला तांबूस गाळ, झाडाला शून्य फरक आणि गच्चीच्या फरशीवर गंजाचे डाग, त्यावर बोलणी खाल्ली ती वेगळीच. मग पाण्यात पीएचची (आम्ल की अल्कली ते दाखवणारी) पट्टी बुडवली: ८ च्या वर, म्हणजे अल्कली! पिटुनियाला ६ च्या आसपास लागतो, त्यावर गेला की कुंडीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही.

आणि हे पाणी कुठलं? दिवाळीत आरओ बसवला, त्याचं वाया जाणारं पाणी मी मोठ्या अभिमानाने झाडांना घालत होतो. सोसायटीचं बोअरचं पाणी आधीच जड, त्यातले क्षार अजून घट्ट करून मीच रोज पाजत होतो 🤦

आता नळाचंच पाणी, दहा लिटरला सपाट चमचा लिंबूसत्व, पट्टी ६ वर येते. सोबत आठवड्यातून एकदा ईडीडीएचएवालं चिलेटेड लोह (लोहाला धरून ठेवून गाळ होऊ न देणाऱ्या रसायनात बांधलेलं), लिटरला अर्धा ग्रॅम, पाणी कोकम सरबतासारखं लाल होतं. ईडीटीए या दुसऱ्या रसायनातलं स्वस्त मिळतं पण आपल्या असल्या पाण्यात टिकत नाही, पैसे घालवू नका. नवव्या दिवशी पहिलं नवीन पान हिरवं निघालं, चिकट, लवदार, बोटाला तो वास अजून येतोय. पांढुरकी झालेली पानं तशीच आहेत, त्यांची आशा सोडली.

रविवारी उरलेल्या तीनपण पिंच करणार होतो, पण लिहिता लिहिता वाटतंय की नको, एकीला नुसतं लिंबूसत्व, एकीला नुसतं लोह, एकीला दोन्ही, म्हणजे नक्की कशाने फरक पडला ते तरी कळेल. फोटो पुढच्या वेळी. आरओचं पाणी आता लादी पुसायला, आणि आईचा ढोकळ्याचा लिंबूसत्वाचा डबा अर्धा झालाय हे तिला अजून कळलेलं नाही.