चावी कुणी घ्यायची?

पणजीतल्या एखाद्या घराची फाईल टेबलावर आली की मी आधी चलता नंबर आणि पी. टी. शीट, म्हणजे शहर भूमापनातला मालमत्तेचा क्रमांक आणि नकाशा, बघतो आणि मग थेट वारसांच्या यादीकडे जातो. यादी जेवढी लांब, तेवढी इमारत पडकी, हा माझ्या धंद्यातला अनुभव. या फाईलीत यादी दीड पानाची होती. म्हटलं, टॉर्च आणि जुने बूट बरोबर न्यायला हवेत.

मी सिव्हिल इंजिनियर, व्हॅल्युअर म्हणून काम करतो. बँकांची कामं असतातच, पण माझा खरा दाणापाणी इन्व्हेंटरीच्या, म्हणजे कोर्टातून होणाऱ्या वारसांच्या वाटणीच्या, प्रकरणांवर चालतो. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगावं लागेल. आमच्याकडे वारसाहक्काची रीत 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली आहे. वेगळा करार नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोचं सगळं निम्मंनिम्मं. मुलगा-मुलगी समान. मृत्युपत्र करूनही, मुलंबाळं असतील तर, निम्म्याच मालमत्तेवर मर्जी चालवता येते. 2012 मध्ये नवा कायदा झाला, पण साचा तोच. कागदावर याहून न्याय्य काही सापडणार नाही. पण दोन पिढ्या वाटणी केली नाही, की एकाच घराला पंधरा-वीस मालक होतात, जावई-सुनाही त्यात आल्या. एक लिस्बनला, एक पुण्याला, एक म्हापशाला. फुटलेलं कौल बदलायचं तर विचारायचं कुणाला आणि पैसे मागायचे कुणाकडे? मग कौल बदललं जात नाही.

शेवटी कुणीतरी कोर्टात इन्व्हेंटरी दाखल करतं. मालमत्तेची यादी होते, किंमत ठरते, आणि वारसांमध्येच बोली लागते. ज्याची बोली वरची, त्याला घर. त्याने बाकीच्यांचे वाटे पैशांत चुकते करायचे. यादीतल्या किमतीवर कुणी हरकत घेतली की माझ्यासारख्याला पाठवतात.

मार्केटकडून चर्चच्या बाजूला जाणाऱ्या एका गल्लीत ही इमारत. मी गाडी शहराच्या कडेला पाटोला ठेवली आणि पायलटच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसून आलो. मार्केटजवळ पार्किंग शोधण्याचा नाद मी केव्हाच सोडला आहे. दारात थोरले बाब उभे होते. कोर्टाच्या नोंदीत ते कुटुंबप्रमुख, म्हणजे वाटणी होईपर्यंत मालमत्ता सांभाळण्याचा अधिकार त्यांचा. शेजारी छत्री घेऊन त्यांची धाकटी बहीण. हरकत तिचीच होती. दोघांत चार हातांचं अंतर, आणि ते दिवसभर तेवढंच राहिलं.

खाली तीन दुकानं, वर घर. भिंती चिऱ्याच्या, छप्पर मंगळुरी कौलांचं, वरच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं. पिवळ्या रंगाचे पोपडे सुटलेले, आणि त्या पोपड्यांसमोर एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढून घेत होतं. आम्ही दर्शनी बाजू मोजायला लागलो, तर फोटोवाल्याने माझ्या पोऱ्याला बाजूला व्हायला सांगितलं. आमची टेप चौकटीत येत होती. फोंतायन्हास या पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीतले रहिवासी या फोटोवाल्यांना किती वैतागले आहेत ते मला ठाऊक होतं. पण ही साथ मार्केटच्या गल्लीपर्यंत पोचल्याचं मी त्या दिवशी पाहिलं.

वरच्या घराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सागवानी तुळयांना वाळवी, मागच्या भिंतीत पिंपळ, देवघराच्या कोनाड्यात घुशीचं बीळ. बहिणीने दारातूनच पाहिलं आणि ती खाली उतरली.

तीन दुकानांपैकी एकाचं शटर गंजून बसलेलं. दुसऱ्यात टोप्या, फ्रिजला चिकटवायचे मासे आणि गोव्याचं नाव छापलेले टी-शर्ट. तो पोरगा मूळ कुळाचा भाडेकरू, म्हणजे कुळाचं कूळ. तिसरं कापडाचं. गादी, लाकडी गज, काचेच्या कपाटांत चादरी, पंचे, लुंग्या. शेट सत्तरीच्या पुढचे. मी भाडेपावत्या मागितल्या, त्यांनी पत्र्याच्या पेटीतून जुडगंच काढून दिलं. भाडं आजच्या दोन मासळीच्या थाळ्यांइतकं. 1968 चा भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या इमारतींत हे नवल नाही. मालक म्हणतो, एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशी करू? कूळ म्हणतं, दुरुस्ती नाही तर भाडं का वाढवू? दोघांचंही खरं असतं आणि मधल्या मध्ये इमारत खचते.

व्हॅल्युएशनला दुकानाचा धंदा थेट लागत नाही, पण मी विचारतो. रस्त्याची नाडी कळते. शेटनी चहा मागवला आणि सांगायला लागले.

“इंजिनियरबाब, ह्या दुकानाला हॉस्पिटलने पोसलं.”

गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, तेव्हा पणजीतच होतं, मांडवीच्या काठाला. 1842 सालच्या एश्कोल मेदिक या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेपासूनचा वारसा. सत्तरीहून, पेडण्याहून, काणकोणहून पेशंट यायचा, त्याच्याबरोबर दोन माणसं. पेशंटला अ‍ॅडमिट केलं की त्या दोघांच्या लक्षात यायचं की चादर आणली नाही, पंचा आणला नाही, बाळंतिणीला गाऊन नाही. ती चालत इथवर यायची. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सचिवालयातले कारकून. सचिवालय नदीकाठच्या आदिलशाही वाड्यात, पाच मिनिटांवर. दुपारी एकला शटर खाली, साडेतीनला वर, आणि संध्याकाळी सुटलेली ऑफिसं घरी जाताना इथूनच जायची.

“आणि सगळ्यात चांगली वर्षं कुठली, सांगा बघू?”

मला वाटलं, चवथीच्या किंवा अष्टमीच्या फेरीच्या दिवसांबद्दल काही सांगतील.

“पूल पडला ती.”

5 जुलै 1986 ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. नवा पूल होईपर्यंत नदीपलीकडच्या बार्देशातला माणूस फेरीबोटीने यायचा आणि धक्क्यावर पायी उतरायचा. पायी चालणारा माणूस दुकानात शिरतो, हे शेटचं साधं गणित. “गाडीत बसलेला माणूस फक्त सिग्नल बघतो,” ते म्हणाले. पूल पडल्यावर पणजीचे हाल झाले असंच मी ऐकत मोठा झालो. त्यात कुणाचा गल्ला भरत होता, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मग एकेक जागेवरून हललं. गोमेकॉ बांबोळीला गेलं. 2000 मध्ये विधानसभा आणि सचिवालय नदीपलीकडे पर्वरीला. मध्यवर्ती ग्रंथालय पाटोला. 2021 मध्ये उच्च न्यायालयही पर्वरीला. जाण्याला प्रत्येक वेळी चांगलं कारण होतं. जुन्या जागेत खाटा मावत नव्हत्या, फायली मावत नव्हत्या, हे खोटं नाही. पण ती ऑफिसं गेली तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची माणसंही गेली, ह्याचा हिशेब कुठल्या फायलीत झाला असेल असं वाटत नाही. 2004 मध्ये इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला, जुन्या गोमेकॉच्या आवारात मल्टिप्लेक्स उभं राहिलं. “डेलिगेट कार्ड गळ्यात घालून कोण लुंगी घेतो हो?” शेट म्हणाले.

शहराचा मध्य मॉलमुळे आणि ऑनलाइनमुळे ओस पडला, असं आमच्या धंद्यात सर्रास बोलतात. मला ते अर्धंच पटतं. मॉल येण्याआधीच या गल्लीतलं पायी येणारं गिऱ्हाईक आटलं होतं. आणि ओस तरी कसं म्हणायचं? बाहेर उभं राहायला जागा नव्हती. पर्यटकांच्या गाड्या, भाड्याच्या दुचाक्या, अठरा जून रस्त्यावर काजूच्या दुकानांची रांग. शेटनी ते चार शब्दांत सांगितलं: “गर्दी आहे, गिऱ्हाईक नाही.”

मी पावत्यांचे फोटो काढून उठलो, तेव्हा शेट गादीवरून उतरले. भिंतीवरच्या खिळ्याची चावी काढली आणि बाहेर येऊन थोरल्यांपुढे धरली.

“बाब, मुलगा बंगळुरूला. त्याला हे नको. माल काढतो, महिन्याभरात दुकान सोडतो. मला काही द्यायला नको. चावी आजच घ्या, सगळे आहात तर.”

या धंद्यात मी कुळं हटत नाहीत म्हणून बापलेकांत कोर्टकज्जे झालेले पाहिले आहेत. जागा सोडायला मालकाकडून लाखांनी मागणारे पाहिले आहेत. फुकट चावी देणारा पाहिला नव्हता.

थोरल्यांनी हात मागे घेतला. “आता कशाला? केस संपू दे. तुम्ही बसा निवांत. इतकी वर्षं काढलीत, आणखी दोन काढा.”

मला क्षणभर हा जुन्या कुळाबद्दलचा जिव्हाळा वाटला. बहिणीला वाटला नाही. ती छत्री मिटून पहिल्यांदाच पुढे आली.

“का नको चावी? घ्या ना. तुम्हीच घ्यायची आहे.”

आणि मग मला उमगलं. कूळ असलेल्या दुकानाची किंमत आम्ही भाड्यावरून काढतो. दोन थाळ्यांच्या भाड्यावर ती हास्यास्पद कमी येते. तेच दुकान रिकामं असेल, तर आजूबाजूला झालेल्या विक्रीवरून काढायची, आणि ती कित्येक पटींनी चढते. बोलीला उतरण्याची ऐपत वारसांमध्ये बहुधा एकट्या थोरल्यांचीच होती. किंमत कमी लागली तर घर त्यांना स्वस्तात मिळणार आणि बहिणीचा वाटा आक्रसणार. शेट गादीवर बसून होते तोवर थोरल्यांचे पैसे वाचत होते. चावी घेण्याचा अधिकार ज्यांना होता, त्यांनाच ती नको होती.

बहिणीने शेटना सांगितलं, “माझ्याकडे द्या.” थोरले म्हणाले, तिला अधिकार नाही. ते बरोबर होतं. मग शेटनी चावी माझ्यापुढे केली. “साहेब, तुम्ही कोर्टाचे.” मी हात जोडले. मी चावी घेतली असती, तर दुसऱ्या दिवशी दोन्ही वकिलांनी मला पिंजऱ्यात उभं केलं असतं. टी-शर्टवाला पोरगा दारात येऊन हे सगळं रस घेऊन बघत होता. शेवटी शेट वैतागले. “दुकान सोडायलाही वकील करायचा? आता कितें करतलो?” म्हणत आत गेले आणि चावी पुन्हा खिळ्याला अडकवली.

त्यांनी खरोखरच वकील केला. सगळ्या वारसांना रजिस्टर्ड नोटीस गेली, लिस्बनलासुद्धा, की अमुक तारखेला मी ताबा सोडत आहे. मी अहवालात त्या दुकानाच्या दोन किमती दिल्या, कुळासह आणि रिकामं, आणि त्या दिवशी जे पाहिलं ते निरीक्षणांत लिहिलं. थोरल्यांच्या वकिलांनी माझी उलटतपासणी घेतली. रिकाम्या जागेचा दर कुठून आणला? मी त्याच भागातली नोंदणी झालेली खरेदीखतं दाखवली. रिकाम्या जागेचीच किंमत धरली गेली. थोरल्यांनी तरीही घर घेतलं, बहिणीचे आणि बाकीच्यांचे पैसे भरले, थोडे कर्ज काढून.

मागच्या पावसाळ्याच्या आधी त्यांचा फोन आला. राग गेला होता, आवाजात काळजी होती. तिसरं दुकान रंगवून घेतलं, शटर नवं बसवलं, भाड्याचा बोर्ड लावला. विचारायला येतात, दर ऐकून जातात. एकाने तर गोडाऊन म्हणून मागितलं, तेही निम्म्या दराने.

“इंजिनियरबाब, दर मी माझ्या मनाने लावला नाही. तुमच्याच रिपोर्टात जी किंमत होती, तिच्यावरून बँकेच्या व्याजाएवढं भाडं धरलं. मग घेत का नाहीत?”

मी त्यांना ती खरेदीखतं पुन्हा एकदा नीट बघायला सांगितलं. घेणारे बहुतेक दिल्ली-मुंबईचे. आणि मग त्या पत्त्यांवर एक फेरी मारा म्हटलं, गल्ली काही फार लांब नाही. त्यांतल्या कुणीही अजून तिथे दुकान उघडलेलं नाही.

“म्हणजे माझ्या दुकानाची किंमत चूक?”

“किंमत बरोबर आहे,” मी म्हटलं. “विकायला काढा, उद्या गिऱ्हाईक येईल. भाड्याने घेणाऱ्याला मात्र तिथे बसून काहीतरी विकावं लागणार ना.”

त्यांनी जरा वेळाने विचारलं, शेटांचा नंबर आहे का माझ्याकडे.