मोआ गेला, झाडं अजून सावध आहेत

न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात परदेशी पाहुण्यांना आता 35 डॉलर मोजावे लागतात. बाहेर बंदरावरून वारा असा भणाणत होता, की नुसतं आत शिरल्यावरच निम्मे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. उरलेले एका अंड्याने फेडले.

मोआचं अंडं. मोआ म्हणजे न्यूझीलंडचा नामशेष झालेला, न उडणारा पक्षी. 1857च्या सुमाराला कायकोरा इथे पाया खणताना ते एका माणसाच्या दफनात सापडलं. लांबी 24 सेंटिमीटर, रुंदी जवळपास 18. एवढ्या मोठ्या अंड्याचं कवच दगडासारखं जाड असेल असं मी धरून चालले होते. पण महाकाय मोआच्या अंड्यांचं कवच जेमतेम दीड मिलिमीटरचं! आणि मादीचं वजन तर दोनशे किलोच्या वर. ती बसली असती तर संपलंच. फुटक्या कवचांच्या बाहेरच्या बाजूवर नराचा डीएनए मिळालाय, त्यामुळे अंडी उबवण्याचं काम हलक्या वजनाच्या नराकडे असावं असा अंदाज आहे. नर इतका लहान, की बरीच वर्षं नर-मादी या वेगळ्या जाती समजल्या जात होत्या!

मोआच्या एकूण नऊ जाती. सगळ्यांत मोठ्या जातीची मादी मान उंचावली की साडेतीन मीटरपर्यंत पोचायची. पंख म्हणाल तर नावालाही नाहीत, हाडाचा अवशेषसुद्धा नाही. माणूस तेराव्या शतकात या बेटांवर आला आणि दीडेकशे वर्षांत, शिकार आणि जाळलेली जंगलं यांत, मोआ संपला. त्याच्यावर जगणारा हास्ट गरुडही मागोमाग गेला.

मला मोआ खरा भेटला तो मात्र संग्रहालयात नाही, ओटारी-विल्टन्स बुशमध्ये. हे फक्त देशी झाडांचं उद्यान. तिथल्या पायवाटेकडेला होरोएका नावाचं झाड आहे. त्याचं लहान रोप पाहून मला आधी ते वाळलंय असंच वाटलं. सरळ काठीसारखं खोड आणि त्याला खाली झुकलेली लांब, अरुंद, मळकट तपकिरी पानं. एक पान चिमटीत धरून पाहिलं तर चामड्यासारखं चिवट, कडेला दाते, मधून पिवळसर शीर. आणि त्याच जातीचं मोठं झाड शेजारीच उभं, वर छान हिरव्या साध्या पानांचा डेरेदार माथा! हा बदल होतो तो झाड तीनेक मीटरच्या वर गेल्यावर, म्हणजे पाला खाणाऱ्या मोआची चोच पोचत नाही तिथे. काही शास्त्रज्ञ याचं श्रेय मोआला देतात, काही थंडी-वाऱ्याला. मी पहिल्या गटात, कारण न्यूझीलंडच्याच दूरच्या चॅटम बेटांवर मोआ कधी नव्हता आणि तिथल्या याच्या भाऊबंदाने हे रंगांचं सोंग घेतलेलं नाही. शत्रू जाऊन सहाशे वर्षं झाली तरी झाडाचा पहारा चालूच आहे.

आता मोआला परत आणायचं चाललंय. जुलै 2025मध्ये कलोसल बायोसायन्सेस या अमेरिकन कंपनीने तशी घोषणा केली. सोबत नाई ताहू या माओरी जमातीच्या नावाचं संशोधन केंद्र आणि मोआची हाडं हौसेने जमवणारे, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे दिग्दर्शक पीटर जॅक्सन. याच कंपनीने त्या वर्षी एप्रिलमध्ये 'डायर वुल्फ' हा नामशेष लांडगा परत आणल्याचं जाहीर केलं होतं. प्रत्यक्षात तो करड्या लांडग्याच्या 14 जनुकांत 20 बदल करून घडवलेला प्राणी.

पक्ष्यांचं गणित याहून अवघड. डॉली मेंढीसारखं क्लोनिंग इथे चालत नाही, कारण पक्ष्याच्या अंड्यातला तो अवाढव्य बलक मध्ये येतो. मग वाट उरते ती भ्रूणातल्या बीजपेशी (ज्यांपासून पुढे अंडी-शुक्राणू बनतात त्या) बदलण्याची, आणि ती कोंबडीत चांगली जमते, इतरांत अजून चाचपडणंच आहे. मोआचे सगळ्यांत जवळचे जिवंत नातलग म्हणजे दक्षिण अमेरिकेतले टिनामू, पण ते साधारण कोंबडीएवढे. म्हणून इमूकडे बघायचं. इमूचं अंडं 13 सेंटिमीटरच्या आसपास. 24 सेंटिमीटरच्या अंड्यातलं पिल्लू त्यात मावणार कसं? म्हणजे कवचही कृत्रिम बनवायचं. एवढं सगळं जमलं तरी हाती येणारा पक्षी माझ्या मते मोआसारखा दिसणारा इमूच. कुठला पाला खायचा, कुणाला घाबरायचं, हे त्याला शिकवणारं कुणी नाही.

वेलिंग्टनमधल्याच झीलँडिया अभयारण्यात, साडेआठ किलोमीटरच्या कुंपणाआड, मला एक ताकाहे पक्षी दिसला. निळा-हिरवा, लालबुंद चोचीचा, माझ्याकडे ढुंकूनही न बघता गवताचे बुडखे सोलत होता. हाही एकेकाळी गेला असंच धरलं होतं. 1948मध्ये मर्चिसन डोंगरात तो पुन्हा सापडला आणि तेव्हापासून माणसं त्याची अंडी-पिल्लं सांभाळतायत, शिकारी प्राण्यांना आवरतायत. आता संख्या पाचशेच्या आसपास. काकापो या न उडणाऱ्या पोपटाची तर अडीचशेच्या घरातच. मोआसाठी बनणारी तंत्रं यांच्या उपयोगी पडतील असं कंपनी म्हणते. पडोत की! पण मग सुरुवात यांच्यापासूनच का नको? मोआला तशीही आता कसली घाई नाही.