पत्रिका कॅस्लनमध्ये, प्रेसवाले टाइम्सवर अडलेले

भावाच्या लग्नाची पत्रिका मीच केली. नवरीकडची मंडळी बेंगळुरूची, म्हणून एक बाजू मराठी, एक इंग्रजी. इंग्रजीसाठी ॲडोबी कॅस्लन घेतला. मूळ अक्षरं अठराव्या शतकातल्या लंडनच्या विल्यम कॅस्लनची, त्यावरून कॅरोल ट्वॉम्बलीने १९९० मध्ये केलेला हा फॉन्ट. सरळ अक्षर शांत, वाचायला सुखाचं. खरा थाट इटॅलिकमधल्या लांब शेपट्यांच्या कॅपिटल अक्षरांत. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ मध्ये पहिल्यांदा छापला गेला तो कॅस्लनमध्ये. आमच्या प्रेसला मात्र चार ओळी छापवेनात.

त्यांचा एकच धोशा, “ओपन फाइल द्या,” म्हणजे बदल करता येतील अशी. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधून पॅकेज करून, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या फाइल एकत्र गोळा करून दिली, तर त्यात फॉन्टच नाही. ॲडोबीच्या वर्गणीतले फॉन्ट पॅकेजमध्ये येतच नाहीत, आणि फॉन्टची फाइल दुसऱ्याला द्यायची परवानगीही नसते. हे ऑपरेटरला समजावलं तर म्हणतो, “ताई, टाइम्स फॉन्ट लावू का? सेमच दिसतो.”

सेमच!

मग त्याने कशीबशी पीडीएफ घेतली आणि कोरल या त्यांच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. उघडताना कोरल विचारतं, मजकूर टेक्स्ट म्हणून आणायचा की कर्व्ह म्हणून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून. त्याने न वाचताच टेक्स्ट केलं. त्याच्या मशीनवर कॅस्लन नाही, त्यामुळे शेपट्या गेल्या, कार्यालयाचं नाव तुटून खालच्या ओळीत उतरलं. “प्रूफ ओके करा ना, मशीन थांबलंय,” वर ही घाई. मी सही केली नाही. पुढच्या खेपेला दुसरा ऑपरेटर, पुन्हा टेक्स्ट, पुन्हा तेच. कर्व्ह म्हणा हो, असं सांगितलं तर “आमची पद्धत अशीच आहे.”

शेवटी घरी सगळा मजकूर सिलेक्ट करून क्रिएट आउटलाइन्स केलं. अक्षरांच्या आकृत्या झाल्या, फॉन्टचा प्रश्नच मिटला. तुम्ही हे आधीच करून न्या, पण मूळ फाइल जपून ठेवा. आउटलाइन झाल्यावर मुहूर्ताची वेळ बदलली तर टाइप करता येत नाही.

हो, आकडे! तारीख वाक्यात असेल तर ओपनटाइप मेनूतून ओल्डस्टाइल घ्या, ३-४-५ चे इंग्रजी आकडे ओळीखाली लोंबतात ते फार देखणं दिसतं. फोन नंबरला मात्र लायनिंगच, म्हणजे सगळे एका उंचीचे. शेपटीवालं अक्षर नावाच्या सुरुवातीलाच, अख्खं नाव त्यात लिहिलंत तर कुणाला वाचता येणार नाही. गडद कागदावर पांढरी अक्षरं ठेवणार असाल तर सेमीबोल्ड घ्या, बारीक रेषा शाईत बुजतात.

मराठी बाजूला तिरो देवनागरी मराठी वापरला, फुकट आहे आणि कॅस्लनशेजारी शोभतो. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही देवनागरीसारख्या लिप्यांना लागणारी सेटिंग लावा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

बिलात ‘डिझाइन करेक्शन’ म्हणून वेगळी रक्कम लावली होती. ती मी दिली नाही.