बाकी शून्य

ग्वाल्हेरला लष्कर भागात माझ्या घरी मी नववी-दहावीची गणिताची शिकवणी घेतो. मुलं मराठी घरांतली, पण शाळा हिंदी माध्यमाच्या. त्यामुळे कुणी ‘बाकी’ म्हणतं, कुणी ‘शेषफल’. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी पाचच जण आले. अभ्यासक्रम बाजूला ठेवून मी फळ्यावर लिहिलं: ४२९४९६७२९७.

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. म्हणजे २ चा ३२ वा घात, अधिक १. सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं २ चा १ ला, २ रा, ४ था, ८ वा, १६ वा घात घेऊन त्यात १ मिळवला आणि ३, ५, १७, २५७, ६५५३७ ही रांग पाहिली. सगळ्या मूळ संख्या. मग पुढचीही मूळच, असं त्याला वाटलं. पुढची म्हणजे फळ्यावरची. १७३२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलरनं त्याचा निकाल लावला.

निकाल मी सांगितला नाही, ऑयलरची युक्ती तेवढी सांगितली: ज्या मूळ संख्येनं हिला पूर्ण भाग जातो, तिला ६४ ने भागलं, तर बाकी १ च राहते. मला ही युक्ती निकालाहूनही सुंदर वाटते. एरवी ६५५३६ पर्यंतच्या साऱ्या मूळ संख्यांनी भागत बसावं लागलं असतं. या अटीमुळे पहिल्या साडेसहाशेत पाचच उरतात. १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. एकेकाला एकेक दिली. भागाकार हातानं करायचा.

२५७ वाल्या मुलानं दोन मिनिटांत पेन खाली ठेवलं. “सर, भागायची गरजच नाही. २ चा आठवा घात २५६, म्हणजे २५७ ला एक कमी. त्याचा वर्ग केला की बाकी १. परत वर्ग केला तरी १. त्यात एक मिळवला, बाकी २.” मी त्याची पाठ थोपटली. मग १९३ वाल्याची बाकी आली १०९, ४४९ ची ३२५, ५७७ ची २८८. प्रत्येक उत्तराला मी “शाब्बास” म्हणत होतो.

६४१ वाली मुलगी मान खाली घालून खोडरबर चालवत होती. कागद फाटायला आला होता.

“सर, माझं चुकतंय. सगळ्यांची बाकी राहते, माझी राहतच नाही.”

“कितीदा केलंस?”

“तीनदा.”

चूक माझी होती. बाकी शून्य आली तर काय, हे मी बोललोच नव्हतो. प्रत्येक बाकीचं कौतुक मात्र केलं होतं. तिला फळ्यापाशी बोलावलं. भागाकार आला होता ६७००४१७. म्हटलं, आता उलटं गुण. एकनं ६७००४१७, चाळीसनं २६८०१६६८०, सहाशेनं ४०२०२५०२००. बेरीज उजवीकडून सुरू झाली, ७, ९, २, ७... आणि मागे बसलेले चौघे तिच्या आधी पुढचा अंक म्हणू लागले. शेवटचा ४ लिहून ती फळ्यावरच्या वरच्या ओळीकडे बघत राहिली.

“म्हणजे ही मूळ नाही?”

“नाही.”

“आणि ६७००४१७?”

या संख्येलाही तीच अट लागू, हे त्या मुलीनंच ओळखलं. वर्गमूळ २५८८ च्या आसपास. आधीच्या चार तर बाद झाल्याच होत्या; त्याच्या आत ६४१ धरून सातच संख्या तपासायच्या उरतात. त्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ती पावसातच घरी गेली. पुढच्या शनिवारी सात भागाकार करून आली. सातही ठिकाणी बाकी होती, आणि या वेळी तिनं काहीच खोडलं नव्हतं.