चाळीस दिवसांचा हिशोब

आठ आठवड्यांची इंटर्नशिप म्हणजे कागदावर कामाचे 40 दिवस. त्यातले हातात किती पडतात ते मोजून बघा. लॅपटॉप, ओळखपत्र, लॉगिन, सुरक्षेचं ऑनलाइन ट्रेनिंग आणि ओळखीपाळखी यात 5 दिवस जातात. शेवटचे 3 दिवस सादरीकरण आणि काम सोपवण्यात. एखादी सुट्टी, एखादा ताप, असे 2. तुमचं काम तपासणाऱ्या माणसाला स्वतःचीही कामं असतात, त्यामुळे त्याच्या 'उद्या बघतो'मध्ये आणखी 5 दिवस विरघळतात. उरले 25.

या 25 दिवसांत 15 दिवसांचं काम पूर्ण होतं. नवख्याचा अंदाज हमखास चुकतो, आणि तो कमी वेळाच्याच बाजूने चुकतो. इंटर्नशिप वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण आळस किंवा कमी हुशारी हे नसतंच. तीन महिन्यांचं काम आठ आठवड्यांत घेतलेलं असतं, आणि शेवटच्या शुक्रवारी दाखवायला अर्धवट फाइल्स उरतात.

ही अडचण जुनी आहे. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 1906 मध्ये 27 अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना घेऊन शिक्षण आणि नोकरी यांची सांगड घातली, ती आठवड्याआड: एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाने 1957 पासून असाच अभ्यासक्रम चालवला, पण तिथे कामाचं सत्र सलग चार महिन्यांचं असतं. चार महिने मिळाले तर पहिला महिना रुळण्यात गेलेला परवडतो. आठ आठवड्यांत तो चैनीचा ठरतो. निवडायला मिळत असेल तर मोठ्या नावाच्या 6 आठवड्यांपेक्षा मध्यम नावाचे 16 आठवडे घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

होकार देण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. माझा मेंटर कोण, नावानिशी? आधीच्या इंटर्नने काय केलं आणि ते काम आज वापरात आहे का? मला दिलेलं काम कोण वापरणार? तिन्हींना गोलमाल उत्तरं आली तर तुम्हाला नुसती खुर्ची मिळणार आहे, काम नाही. नोंदणी, ट्रेनिंग किंवा प्रमाणपत्र यांसाठी तुमच्याचकडून पैसे मागितले, तर ती इंटर्नशिप नाही, विक्री आहे. तिथे प्रश्न विचारत बसायचंही कारण नाही.

आता पहिला आठवडा. मॅनेजर म्हणतात, "परत आलेल्या मालाचं काहीतरी बघ." या 'काहीतरी'चं पाचव्या दिवसापर्यंत एक पान करायचं आणि मेंटरला पाठवायचं. पानावर पाच गोष्टी: अडचण काय आहे, ती कुणाला आहे, काम झालं असं कधी म्हणायचं, यात काय येत नाही आणि कुणाकुणाची परवानगी लागेल. वरच्या उदाहरणात मी लिहीन: मालाचा एकच प्रकार, मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी, परत येण्याच्या कारणांची वर्गवारी लावणारा एक अहवाल. गोदामप्रमुख तो माझ्या मदतीशिवाय दोनदा चालवतील तेव्हा काम झालं. बाकीचे प्रकार आणि पुढचे अंदाज यात नाहीत.

'यात काय येत नाही' ही ओळ लिहायला संकोच वाटतो, आणि तीच तुम्हाला वाचवते. चौथ्या आठवड्यात कुणीतरी उत्साहाने म्हणणारच, "एवढं झालंय तर तेवढंही टाक ना." तेव्हा नाही म्हणावं लागत नाही. "घेतो, पण मग यातलं काय मागे ठेवू?" एवढं विचारलं की पुरतं.

परवानग्यांची यादी पहिल्याच दिवशी करा. विदा (डेटा) बघण्याची परवानगी मागून ती मिळायला दोन आठवडे लागणं अजिबात असामान्य नाही. सही करणारा माणूस रजेवर असतो, अर्ज चुकीच्या विभागात पडलेला असतो. म्हणून मुख्य कामासोबत परवानगी न लागणारं एक छोटं काम पहिल्या आठवड्यातच मागून ठेवावं: जुन्या सूचना नीट लिहून काढणं, नमुन्याच्या खोट्या नोंदींवर अहवालाचा साचा उभा करणं. वाट बघण्याचे दिवस मग कोरडे जात नाहीत.

आणि मोजमाप. आधीचा आकडा आधीच घ्यावा लागतो. गोदामप्रमुख दर सोमवारी हा अहवाल हाताने करतात आणि त्यांना तीन तास लागतात असं धरा. आठ आठवड्यांत सोमवार आठच. पहिले दोन त्यांच्या शेजारी बसून घड्याळ लावण्यात घालवायचे, सहावा आणि सातवा नव्या पद्धतीच्या चाचणीसाठी राखायचे, आठवा चुका दुरुस्त करायला. म्हणजे बांधणीला दुसऱ्या आणि सहाव्या सोमवारच्या मधले चारच आठवडे उरले. एकदा जुनी पद्धत बंद झाली की 'पूर्वी किती वेळ लागायचा' याचं खात्रीचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही, आणि सीव्हीवर 'बराच वेळ वाचला' असलं पोकळ वाक्य येऊन बसतं.

अडल्यावर किती वेळ एकट्याने झगडायचं? अर्धा तास, फार तर पाऊण. मग विचारायचं, पण तीन गोष्टी हातात घेऊन: काय करायचं होतं, काय काय करून पाहिलं, नेमकं काय झालं. अशा प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर मिळतं. "चालत नाहीये" एवढंच लिहिलं तर उलट चार प्रश्न येतात आणि दुपार जाते. दोन दिवस गप्प बसून तिसऱ्या दिवशी अडलो म्हणून सांगणारा इंटर्न मेंटरला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्याच्याबद्दल काही अंदाजच बांधता येत नाही.

रोज घरी जायच्या आधी पाच ओळींची नोंद करा: काय केलं, कोणता आकडा मिळाला, कोणता निर्णय कुणी घेतला, काय अडलं, उद्या काय. ही वही कंपनीची गुपितं साठवायला नाही. ग्राहकांची नावं, कोड, अंतर्गत फाइल्स आपल्या खासगी खात्यात पाठवणं हे इंटर्नला घरी पाठवण्याचं पुरेसं कारण आहे, हेतू कितीही निर्मळ असला तरी.

विसाव्या दिवशी, म्हणजे बरोबर मध्यावर, मेंटरकडे वीस मिनिटं मागा. "माझं कसं चाललंय?" या प्रश्नाला "छान" याशिवाय उत्तर मिळत नाही. असं विचारा: "आज माझ्याबद्दल निर्णय घ्यायचा झाला तर पक्क्या नोकरीसाठी माझं नाव सुचवाल का? नसेल तर काय कमी पडतंय?" ऐकायला अवघड जातं, पण दुरुस्तीला 20 दिवस शिल्लक असतानाच ते ऐकलेलं बरं. याच बैठकीत हेही काढून घ्या की निर्णय कोण घेतं. बहुतेकदा मेंटर फक्त मत देतो. जागा आहे की नाही हे वरच्या मॅनेजरच्या हातात असतं, आणि जागाच नसेल तर उत्तम काम करूनही पीपीओ, म्हणजे इंटर्नशिपनंतर त्याच कंपनीत पक्क्या नोकरीची ऑफर, मिळत नाही. तो तुमच्या कामाचा निकाल नव्हे. तशी शंका आली तर पाचव्या आठवड्यापासून इतरत्र अर्ज सुरू करायला कुणाची परवानगी लागत नाही.

हे नीट झालं असेल तर सीव्ही लिहिणं सोपं असतं. एक पान. ओळीत चार गोष्टी: क्रिया, वस्तू, पद्धत, परिणाम. 'अहवालाच्या कामात सहभाग' या ओळीतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. 'परत आलेल्या मालाचा साप्ताहिक अहवाल बांधला. 3 तासांचं काम 25 मिनिटांवर आलं. गोदामप्रमुखांनी तो दोन आठवडे स्वतः चालवला' ही ओळ मुलाखतीतला पहिला प्रश्नही ठरवून टाकते. दोन रकाने, तक्ते, चित्रात लिहिलेली अक्षरं टाळा. अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा क्रम विस्कटू शकतो. तपासणी सोपी आहे: पीडीएफमधला सगळा मजकूर निवडून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवा आणि वरून खाली वाचा. तिथे गोंधळ दिसला तर पलीकडेही गोंधळच आहे.

मुलाखतीत तोच प्रसंग दोन मिनिटांत सांगता आला पाहिजे: परिस्थिती आणि जबाबदारी मिळून 40 सेकंद, तुम्ही काय केलं त्याला एक मिनिट, निकालाला 20 सेकंद. बरेचजण पार्श्वभूमीतच दीड मिनिट घालवतात. दुसरा घोळ 'आम्ही'चा. नम्रता म्हणून प्रत्येक वाक्य 'आम्ही केलं'ने संपवलं की समोरच्याला तुमचा वाटा कळत नाही. 'पद्धत मेंटरने सुचवली, बांधणी मी केली' हे नम्रही आहे आणि स्पष्टही.

मग ऑफर येते आणि सोबत मुदत. दोन-तीन दिवसांत उत्तर द्या म्हटलं की माणूस घाबरतो. हा दबाव तुमच्यासाठी खास बनवलेला नसतो, तो बाजाराचा जुना रोग आहे. अमेरिकेत 1940 च्या दशकात इस्पितळं शिकाऊ डॉक्टरांना पदवीच्या दोन वर्षं आधीच गाठू लागली. त्याला लगाम घातल्यावर उत्तराची मुदत आखडत गेली, दहा दिवसांवरून काही तासांवर. शेवटी 1952 पासून दोन्ही बाजूंच्या पसंतीयाद्या एकत्र जुळवण्याची केंद्रीय पद्धत आली. या बाजाराचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या ॲल्विन रॉथ यांना पुढे 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल लॉइड शॅप्ली यांच्यासोबत मिळालं. नोकऱ्यांच्या बहुतेक बाजारांत अशी जुळणी नाही, त्यामुळे मुदत वाढवून मागणं हे काम तुमचंच.

त्याआधी दोन गोष्टी तपासा. तुमच्या कॉलेजच्या कॅम्पस भरतीत एक ऑफर घेतली की पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही असा नियम आहे का? असेल तर पहिल्या दिवशी येणाऱ्या कंपनीला अर्ज करतानाच निर्णय झालेला असतो, ऑफर आल्यावर नाही. दुसरं, एकूण रकमेचे तुकडे करा. पॅकेज 100 भागांचं धरलं आणि त्यात दरमहा हातात येणारे 70, कामगिरीवर अवलंबून 12, रुजू होतानाचा एकरकमी बोनस 10 आणि निवृत्तीनिधीत कंपनीचा वाटा 8 असेल, तर दुसऱ्या वर्षी ते पॅकेज 90 चंच आहे. वर्षाच्या आत सोडल्यास तो बोनस परत मागतात का, नोटिशीचा काळ किती, किती वर्षं राहण्याचं बंधन आहे, हे वाचा. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवून घ्यायला देऊ नका. दाखवा, प्रत द्या, परत घ्या.

मुदतवाढ एकदाच मागायची, ऑफर आल्यापासून 24 तासांच्या आत, लेखी आणि नेमक्या तारखेसह. 'थोडा वेळ मिळेल का' या वाक्याला नाही म्हणणं सोपं जातं. हे वाक्य चालेल: "ऑफरबद्दल आभारी आहे. माझी एक निवडप्रक्रिया 14 तारखेला पूर्ण होते आहे. 16 तारखेला संध्याकाळपर्यंत मी निश्चित उत्तर देऊ शकेन. तेवढी मुदत मिळेल का, हे कृपया कळवावं." आणि मग 16 ला संध्याकाळपर्यंत उत्तर खरंच द्या, नकार असला तरी. तुमच्या मागे प्रतीक्षायादीत कुणीतरी ताटकळत असतं.