“मुंबईच माग की गं!”

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, हातात आलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींचे मला फोन येतात. निपाणी, खानापूर, परवा हुक्केरीहून एक. सगळ्यांना एकच विचारायचं असतं: एअरलाइनच्या मुलाखतीत काय विचारतात? ते सांगतेच, पण मला खरी काळजी त्यानंतरच्या गोष्टीची वाटते: कुठल्या शहरात नेमणूक होणार याची.

लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, सिम्युलेटर, मुलाखत. क्रम कंपनीगणिक बदलतो. लेखीत नेव्हिगेशन, हवामान आणि नियम पक्के हवेत. मुलाखतीत मात्र पाठांतर फार पुढे नेत नाही. मला पॅनेलमधल्या कॅप्टननी विचारलं, “गावाजवळचा एअरपोर्ट कुठला?” मी म्हटलं, सांबरा, बेळगावचा. “मे महिन्यात दुपारी तिथून टेक-ऑफ. काय विचार कराल?”

मी कागद मागून घेतला. सांबऱ्याची उंची जवळपास अडीच हजार फूट. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश, दर हजार फुटांना साधारण २ अंश कमी, म्हणजे तिथे १० अंश असायला हवेत. प्रत्यक्षात ३५. पंचवीस अंश जास्त. गरम हवा विरळ, म्हणून दर जादा अंशाला सुमारे १२० फूट उंची वाढवून धरायची, म्हणजे आणखी तीन हजार. विमानाच्या दृष्टीने आपण साडेपाच हजार फुटांवर उभे आहोत: हवा विरळ, इंजिनाची ताकद कमी, धाव लांब, चढण्याचा वेग कमी. मग त्यांनी पावसाकडे वळवलं. घाटातल्या कणकुंबीला कोसळणारा पाऊस पूर्वेकडच्या अथणीला पोचेपर्यंत का आटतो? घाटाला धडकून वर चढणारी वाऱ्यातली वाफ तिथेच रिकामी होते आणि पलीकडे कोरडा वारा उतरतो. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे पुस्तकाविना ठाऊक असतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, हवामानाचा अभ्यास आपल्या गावापासून सुरू करा.

आता बेस. रोजची ड्यूटी जिथून सुरू होते आणि जिथे संपते ते शहर म्हणजे तुमचा बेस, आणि ते कंपनी ठरवते. फॉर्मवर पसंती विचारतात, पण आधी बघितलं जातं ते विमान. तुम्हाला एटीआर ७२, म्हणजे पंख्यांचं छोटं प्रवासी विमान, मिळालं तर एटीआर जिथे मुक्कामाला असतात तिथेच जावं लागतं. एअरबसचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान चालवण्याचं प्रशिक्षण आणि मान्यता, झालं तर बेसची यादीच वेगळी. नंतर बदलीचा अर्ज करता येतो, पण जागा रिकामी हवी आणि तुमच्याआधी रुजू झालेले रांगेत पुढे असतात.

आमच्या घरी हे कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या आजोबांचं, अप्पांचं, एकच पालुपद, “मुंबईच माग की गं!” १९५६ पासून ज्या घरात जेवतानासुद्धा सीमाप्रश्न निघतो, तिथे नातीनं मुंबईला असावं असं वाटणं मी समजू शकते. आईला बेंगळुरू हवं होतं, कारण रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी बेळगाव. दोघांचं आठवडाभर जमेना. पत्र आलं हैदराबादचं. एटीआर होतं, जागा तिथे होती. अप्पांना वाटलं, मी मुंबई मागितलीच नाही. त्यांची समजूत काढायला मला फार वेळ लागला, आणि त्याच दिवसांत टाइप रेटिंगचा अभ्यासही चालू होता. हा ताण कुणाच्याच वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

“कुठल्याही बेसला जाल का?” हा प्रश्न मुलाखतीत येतोच. जो तो “हो” म्हणतो. ते हो घरी आधी ठरलेलं असू द्या. घरात कुणी आजारी असेल, लग्नाचं चाललं असेल, तर तेही त्याच बैठकीत निघू दे. आठवड्याची सुट्टी आता डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमाने सलग ४८ तासांची आहे, तिच्यात दोन रात्री येतात. त्या वेळेत दिल्ली किंवा कोलकात्याहून गावी येऊन परत जाणं कितपत जमेल, हे अप्पांसारख्या माणसाला वेळापत्रक समोर ठेवून दाखवा.

आणि बाँडवर, म्हणजे ठरावीक काळ कंपनी न सोडण्याच्या करारावर, सही करण्याआधी स्पष्ट विचारा: विमान कुठलं, त्याचे बेस कुठे, ट्रेनिंगच्या काळात राहण्याचा खर्च कुणाचा, बदलीचा अर्ज केव्हा करता येतो. उत्तर लेखी मागा. खानापूरच्या एका मुलीनं मागच्या महिन्यात असंच विचारलं. तिला बेंगळुरू मिळालं नाही, चेन्नई मिळालं, पण घरचे सगळे आधीपासून तयार होते. तिची आई आता तमिळ शिकतेय.