काळा डाग आणि गप्प झालेलं सिलोन

आमची बॅच ८९ ची. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, आणि आम्ही पाचसहा जण विज्ञानाच्या सरांकडं शंका विचारायला म्हणून जायचो, खरं कारण दुर्बीण. चष्म्याची भिंगं नि पुठ्ठ्याची नळी, सरांनीच केलेली. प्रयोगशाळेच्या खिडकीतनं सूर्य ड्रॉइंगच्या कागदावर पाडायचे (नळीला डोळा लावला की कानाखाली बसलीच!). त्या आठवड्यात त्यात भलामोठा काळा डाग दिसला. मी म्हणालो, सर भिंगाला घाण लागलीय. सर काही बोलले नाहीत, नुसती नळी गोल फिरवली, डाग जागचा हलला नाही. मग पेन्सिलीनं गिरवून घेतला, दोन दिवसांनी बघतो तर सरकलेला, सूर्य फिरतोय ना!

त्याच दिवसांत एकदा सकाळी घरी रेडिओ सिलोन (शॉर्टवेव्हवरचं गाण्यांचं स्टेशन) लावलेलं, गाणं मध्येच बंद. वडिलांनी रेडिओ हरभट रोडच्या एका दुकानात दिला, त्या भल्या माणसानं कसला तरी पार्ट बदलून २० रुपये घेतले. सरांना सांगितलं तर हसायला लागले. म्हणाले, सूर्यावर भडका उडाला असेल, त्याचे क्ष-किरण ८ मिनिटांत इथं येतात, वरच्या हवेतला आयनांचा खालचा थर दाट होतो आणि तो शॉर्टवेव्ह गिळतो, तासाभरात आपोआप नीट होतं, वडिलांना २० रुपयांचं सांगू नको.

आणि भडका कुठनं, तर त्या काळ्या डागाच्या वरनंच. तिथलं चुंबकत्व इतकं जबरदस्त की खालचा गरम वायू वर येऊ देत नाही, म्हणून डाग आजूबाजूपेक्षा हजार-दीड हजार अंशांनी थंड आणि काळा. पण त्याच्याच डोक्यावर चुंबकीय कमानींत अडकलेला वायू २०-३० लाख अंशांचा, तो क्ष-किरण फेकतो, आणि तिथले इलेक्ट्रॉन गरागरा फिरत रेडिओ लहरी सोडतात. म्हणजे डोळ्याला काळं तेच रेडिओत नि क्ष-किरणांत सगळ्यात झगझगीत. १९४२ मध्ये इंग्लंडमधले रडार असेच गोंधळले, आधी वाटलं जर्मनांनी जॅम केले, मग जे. एस. हे नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं शोधलं की आवाज सूर्याचा, मोठ्या डागाकडनं आलेला.

तेव्हा मला यातलं निम्मं कळलं नाही. १३ मार्चला त्याच डागावरनं आलेल्या सौर वादळापायी कॅनडात क्युबेकची वीज ९ तास गेली, ६० लाख लोक अंधारात, हे कॉलेजात कळलं. पुढं विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या डिश बघितल्या तेव्हा तर सरांची फार आठवण आली.

तो पेन्सिलीचा कागद कोणाकडं असेल तर एक झेरॉक्स द्या रे. कोपऱ्यात चहाचा पण डाग आहे, तो माझा.